खिडकी कधी उघडायची, कधी लावायची: पुण्यात नवीन फ्लॅटमध्ये आलेल्यांसाठी

पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलात की दूधवाला, कामाच्या मावशी आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवड्याभरात मार्गी लागतात. घरात हवा कशी खेळते हे कळायला मात्र पूर्ण वर्ष जातं. तोवर विजेच्या बिलात बरेच पैसे गेलेले असतात आणि कपाटामागे बुरशी धरलेली असते. माझं अगदी असंच झालं.

बाणेरला आम्ही रिसेलचा फ्लॅट घेतला. आधीच्या मालकांनी त्यात शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत आणणारं यंत्र बसवून घेतलं होतं. बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये पत्र्याची एक पेटी, तिला जोडलेली चार नळकांडी आणि खोल्यांमध्ये छताला गोल जाळ्या. दिवसरात्र मंद घूं घूं. मी मूळचा पेठेतला. चोवीस तास काहीतरी चालू आहे म्हणजे मीटर पळतोय, एवढंच मला समजलं. पहिल्याच महिन्यात बटण बंद केलं आणि स्वतःवर खूश झालो. ऑगस्टमध्ये बायकोने वॉर्डरोब पुढे ओढून घेतला, तर मागच्या भिंतीवर काळे ठिपके आणि स्वेटर-रजयांच्या पिशव्यांना कुबट वास.

मग एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पेटीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं ४० वॉट. चोवीस तासांचे झाले ९६० वॉट-तास, म्हणजे एक युनिटही पूर्ण नाही. आमचा गीझर २००० वॉटचा. तो अर्धा तास तापत राहिला की एक युनिट गेलं. रोज सकाळी गीझर चालू ठेवून पेपर वाचणारा मी, त्या पेटीवर काटकसर करत होतो.

म्हणून ह्या लेखात पायऱ्या लावल्या आहेत त्या मी शिकलो त्या क्रमाने नव्हे, तर शिकायला हव्या होत्या त्या क्रमाने.

पायरी १: उदबत्ती लावा

घरात यंत्र असो वा नसो, सुरुवात इथून करायची. संध्याकाळी वारा बेताचा असताना पंखे बंद करा, खिडक्या नेहमीसारख्या ठेवा आणि पेटती उदबत्ती घेऊन एकेका दारात उभे राहा. धूर सरळ वर गेला तर तिथे हवा अडलेली आहे. आडवा झाला तर कुठून कुठे झुकतोय ते बघून ठेवा.

आता दुसरी परीक्षा. सगळ्या खिडक्या आणि मुख्य दार बंद करून स्वयंपाकघरातली चिमणी सगळ्यात वरच्या स्पीडला लावा, आणि बाथरूममध्ये जाऊन नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्या, जाळीपाशी उदबत्ती धरा. आमच्याकडे धुराची रेघ जाळीपासून मागे हटली आणि दाराकडे वाहू लागली. ड्रेनेजमधली हवा घरात येत होती. चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. खिडक्या बंद असतील तर ती ट्रॅपमधून, डक्टमधून, दाराच्या फटीतून येते. फोडणीच्या वेळेला बाथरूमला वास का सुटतो, हे कोडं प्लंबरला तीनदा बोलावूनही सुटलं नव्हतं. ते एका उदबत्तीत सुटलं. (ट्रॅप बरेच दिवस वापरात नसेल तर त्यातलं, ड्रेनेजची हवा अडवणारं, पाणी आटतं. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता.)

तेव्हा हवा बाहेर काढण्याआधी तिला आत यायची वाट द्यायची. चिमणी लावली की ड्राय बाल्कनीचं दार किंवा हॉलची खिडकी चार बोटं उघडायची. बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर एक्झॉस्ट नुसता गरगरतो. फट नसेल तर सुतार दार उतरवून खालून रंधा मारून देतो, तासाभराचं काम आहे.

खिडक्यांबद्दल थोडी तक्रार करतो. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही. जाळीचा पल्ला बसवला की उरलेल्या अर्ध्यातूनही हवा कमीच येते. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ती सहा फुटांची असते, वाऱ्याच्या लेखी तीन फुटांची. खिडक्या बदलायची संधी मिळाली तर निदान बेडरूमला बिजागरीच्या, पूर्ण उघडणाऱ्या घ्या.

समोरासमोर खिडक्या असतील तर आणखी एक गोष्ट करून बघा. वारा येतो त्या बाजूची खिडकी निम्मी उघडा आणि जातो त्या बाजूची पूर्ण. मधे बसलेल्याला झुळूक जास्त जोरात लागते. खोलीला एकच खिडकी असेल तर टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा आणि खोलीचं दार उघडं टाका. आतली गरम हवा बाहेर ढकलली जाते आणि घराच्या गार बाजूची हवा दारातून येते. बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो, पण चालतो.

पायरी २: मीटर वाचायला शिका

महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. ३०० च्या पुढे गेलात म्हणजे सगळी युनिटं महाग होत नाहीत, फक्त पुढची होतात. पण ही पुढची युनिटंच आपण वाचवत असतो, त्यामुळे वाचलेल्या युनिटाची किंमत सरासरीपेक्षा जास्त धरा. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क येतंच.

 रात्री झोपताना मीटरचं रीडिंग लिहा, सकाळी उठून पुन्हा लिहा. एसी आणि गीझर बंद असतानाही रात्रीत दीड-दोन युनिटं गेली असतील तर पंखे, फ्रीज आणि स्टँडबायवरची उपकरणं एकेक करून तपासा. आमच्याकडे चोर निघाला तो सेट-टॉप बॉक्स नव्हे, तर दार नीट न लागणारा फ्रीज. रबर बदलून घेतलं.

पायरी ३: खिडक्यांचं वेळापत्रक

सगळ्यात जास्त बचत इथे आहे, आणि खर्च शून्य. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते, त्यामुळे दुपार आणि पहाट यांच्यात मोठा फरक पडतो. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८-४० पर्यंत चढतो आणि पहाटे २२च्या आसपास उतरतो. हा फरक मुंबईला मिळत नाही. तो वाया घालवू नका.

मार्च ते मे: सकाळी साडेआठ-नऊच्या आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले. पश्चिमेच्या काचेवर ऊन यायच्या आधी बाहेरून चिक किंवा शेडनेट सोडा. आतला पडदा ऊन अडवतो, पण काच ओलांडून आलेली उष्णता तोवर घरात शिरलेली असते. बाहेरचा आडोसा ती बाहेरच थोपवतो. दिवसभर घर बंद ठेवायचं म्हटल्यावर आमच्या आईने नाक मुरडलं होतं, पण वाड्याच्या जाड भिंती आणि आतला चौक हेच काम करत होते, हे तिलाच आठवलं.

संध्याकाळी घड्याळ बघून उघडू नका, थर्मामीटर बघून उघडा. दोन साधे थर्मामीटर घ्या, एक हॉलमध्ये आणि एक बाल्कनीत सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की सगळं उघडायचं. एप्रिलमध्ये हे बहुतेकदा साडेसात-आठला घडतं, तेव्हा पश्चिमेचा वाराही सुटलेला असतो. नेमकी तीच डासांची वेळ, विशेषतः नदीकाठी जलपर्णी माजते तिकडे, त्यामुळे जाळीला पर्याय नाही. रात्रभर उघडं ठेवलं की भिंती आणि लादी गार होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गारवा पुरतो. शहरात सगळीकडे हे सारखं जमत नाही. शिवाजीनगर-पाषाणकडे पहाट गार होते, मगरपट्टा-वडगाव शेरीकडे किमान तापमान बरेचदा काही अंशांनी वरच राहतं. तिकडच्यांनी पहाटे चार ते सातचा वेळ अजिबात सोडू नये.

जून ते सप्टेंबर: आता शत्रू उष्णता नव्हे, ओल. पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेकडून मारतो, म्हणून त्या बाजूच्या खिडक्या लावून पूर्वेच्या उघड्या ठेवा. बाहेर इतकी दमट हवा असताना खिडकी उघडून काय उपयोग, असं वाटतं. उपयोग आहे, कारण घरात आपण त्यात आणखी भर घालत असतो. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी खोलीत सोडतात. मशीनमधून काढलेले एका खेपेचे कपडे घरातच वाळवले तर सुमारे दोन लिटर हवेत जातं. बेडरूममध्ये दांडीवर कपडे टाकून दार लावून ऑफिसला जाणं म्हणजे बुरशीला जेवायला वाढणं. कपडे एका खोलीत वाळत घाला, तिथला पंखा लावा, खिडकी उघडा, खोलीचं दार मात्र बंद. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं तर नक्कीच. आणि भिंतीतून पाणी झिरपत असेल तर कुठलंही व्हेंटिलेशन ते बरं करणार नाही, तिथे वॉटरप्रूफिंगवालाच हवा.

ऑक्टोबरला एप्रिलचे नियम लावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: इथे बहुतेकांचं चुकतं. थंडीची प्रसन्न सकाळ म्हणून सहा वाजता खिडक्या सताड उघडतात. पुण्याच्या भोवती टेकड्या आहेत. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि शेकोट्यांचा, गाड्यांचा, जाळलेल्या पाल्याचा धूर त्याखाली कोंडतो. ऊन चढल्यावर झाकण सुटतं. म्हणून हिवाळ्यात अकरा ते चार ही घर मोकळं करायची वेळ. पाषाणच्या आयआयटीएम संस्थेची ‘सफर’ सेवा शहरातल्या वेगवेगळ्या भागांतली हवेची स्थिती दाखवते. आपल्या जवळचं केंद्र बघून ठरवा. शेजारी बांधकाम चालू असेल तर मात्र कोणतंच वेळापत्रक नाही, डंपर आला की खिडकी लावायची.

पायरी ४: गॅस

ही पायरी बचतीची नाही, पण ती वगळून पुढे जाऊ नका.

गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवू नका. बसवलेला असेल तर ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या जागी हलवून घ्या. बंद बाथरूममध्ये ज्योत खोलीतलाच ऑक्सिजन खाते, मग जळण अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. माणसाला गुंगी येते आणि दार आतून बंद असतं. एक्झॉस्ट लावला म्हणजे सुटलो असंही नाही. आत हवा यायला वाट नसेल तर तोच पंखा गीझरच्या धुराड्यातून धूर उलटा ओढतो. थंडीत खोली गरम करायला बंद घरात कोळशाची शेगडी ठेवणं हाही त्यातलाच प्रकार.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत पसरतो. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असेल तर खालची फट, पाइप गॅस असेल तर वरची जाळी बुजवायची नाही. झुरळं येतात म्हणून वरच्या जाळीला चिकटपट्टी लावलेली मी तीन घरांत पाहिली आहे.

पायरी ५: यंत्र असेल तर

एसीबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करू. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतली तीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो. दोघं जण दार-खिडक्या लावून एसीत झोपले की सकाळपर्यंत खोलीत तो २००० च्या वर सहज जातो. उठल्यावर डोकं जड वाटण्यामागे पुष्कळदा हे असतं. उपाय स्वस्त आहे: खोलीचं दार दोन बोटं उघडं ठेवणं.

आमच्याकडे आहे त्या यंत्राला ईआरव्ही म्हणतात. आतली शिळी हवा बाहेर जाताना आणि बाहेरची ताजी हवा आत येताना दोघी एकाच गाभ्यातून, पण वेगवेगळ्या पापुद्र्यांमधून जातात. हवा मिसळत नाही, उष्णता आणि थोडी ओल तेवढी इकडची तिकडे होते. बाहेर ४०, आत एसीने २५ आणि गाभ्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ताजी हवा साडेएकोणतीसला आत येते. खिडकी उघडली असती तर चाळिसाला आली असती. एचआरव्ही हे त्याचंच भावंड, ते फक्त उष्णता सांभाळतं, ओल नाही.

आता पुण्याचा हिशेब करा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा नकोशी असते असे तास वर्षात फार नाहीत. एप्रिलच्या रात्री बाहेर २४ आणि आत ३१ असताना हे यंत्र बाहेरच्या गार हवेला वाटेत गरम करून आत आणतं! रिमोटवर बायपास (हवा गाभ्याला वळसा घालून आणायची सोय) असेल तर अशा वेळी तो लावा. नसेल तर यंत्र बंद करून खिडक्या उघडा. पावसाळ्यात उलट. तेव्हा मी ते मंद वेगावर चालूच ठेवतो. बाहेरच्या हवेपेक्षा घर कोरडं करणं त्याच्या आवाक्यात नाही, ते काम एसीचा ड्राय मोडच करतो. पण घरात साठणारी वाफ ते बाहेर नेत राहतं. माणशी तासाला २५-३० घनमीटर हवा पुरते. चौघांच्या घराला १००-१२०. बहुतेक यंत्रांचा सगळ्यात खालचा वेग एवढा असतोच. वरचा वेग पाहुणे आले तेव्हा.

फिल्टरच्या बाबतीत माझी फजिती ऐका. जाळीचा जाड फिल्टर धुता येतो, तो महिन्याला धुवावा, जवळ बांधकाम असेल तर तीन आठवड्यांनी. त्यामागे घड्याघड्यांचा पांढरा, बारीक फिल्टर असतो. तोही मी उत्साहाने साबणाच्या पाण्यात बुडवला. वाळल्यावर पापडासारखा वाकडा झाला. तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. येणाऱ्या आणि जाणाऱ्या हवेचं प्रमाण सारखं राहायला हवं. एका बाजूचा फिल्टर तुंबला की यंत्र नुसतं ओढत बसतं आणि पुन्हा ते नहाणी ट्रॅपचं प्रकरण सुरू होतं. महिन्यातून एकदा टिश्यू पेपरचा तुकडा प्रत्येक जाळीपाशी धरा. जाणाऱ्या जाळीला तो चिकटला पाहिजे, येणाऱ्या जाळीखाली फडफडला पाहिजे.

नवीन बसवून घ्यावं का, असं मला विचारतात. घराला समोरासमोर खिडक्या असतील आणि खाली हायवे नसेल तर माझं उत्तर नाही असं आहे. दम्याचा त्रास असेल, घर वाहत्या रस्त्यावर असेल, किंवा वर्षातले बरेच महिने रात्रभर एसी लागत असेल तर विचार करा, तेही फिल्टर सहज हाताला येईल अशा जागी. आमचा काढायला स्टूलवर स्टूल लागायचं. शेवटी फॉल्स सीलिंगला झडप करून घेतली.

पायरी ६: पंखे, कूलर, एसी, गीझर

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला वीस युनिटं वाचतात. सगळे एकदम बदलू नका. आधी बेडरूम आणि हॉल. पाहुण्यांच्या खोलीतला आहे तो राहू द्या.

कूलर पुण्यात मार्च ते मे छान चालतो, पण खिडकीला लावून आणि समोरची खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत तो तासाभरात घाम आणतो. पहिला पाऊस पडला की त्याची टाकी रिकामी करून कोरडी पुसा, डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात.

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमाने २०२० पासून स्टार लेबलचे एसी चालू करताच २४ वर येतात. तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २७ वर ठेवून पंखा दोनवर लावा, फरक कळत नाही. बाहेरचं युनिट डक्टमध्ये कोंडलेलं असेल तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं, त्याला मोकळं तोंड द्या.

गीझरचा काटा ५०-५५ वर ठेवा आणि आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं लावा. बऱ्याच सोसायट्यांत सोलरचं गरम पाणी सकाळी ठराविक वेळ आणि एकाच बाथरूमला येतं. ते कोणतं बाथरूम हे पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांना विचारा. आम्ही पाच महिने दुसऱ्या बाथरूममध्ये गीझर लावून आंघोळी करत होतो.

राहिलं एक काम, आणि ते मे संपायच्या आत करायचं. एक्झॉस्टचं, चिमणीचं आणि यंत्राचं बाहेरचं तोंड बघून घ्या. तिथे जाळी नसेल तर कबुतरांनी काड्या रचलेल्या असणारच. आमच्या चिमणीच्या पाइपात दोन अंडी होती. पिल्लं उडून जाईपर्यंत दीड महिना आम्ही खिडकी उघडून फोडण्या दिल्या, मग पाइप साफ करून तोंडाला जाळी ठोकली.